मुके दुखणे आणि कारखानदार डॉक्टर

डॉक्टरने कंपनी काढली, की आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या कपाळावर पहिली आठी पडते. औषध लिहून देणाऱ्याने ते विकू नये, निदान त्याचा कारखाना तरी काढू नये, असा एक अलिखित संकेत आपल्या मनात रुजलेला आहे, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि काही दुखणी अशी असतात की, त्यांच्यासाठी जुना, जाणता कारखानदार आपण होऊन पुढे येतच नाही. ज्याच्यासमोर रोगी रोज बसतो त्या डॉक्टरनेच शेवटी हात घातला, तर काही घडते. स्त्रियांच्या मूत्राशयाचे दुखणे हे त्यांपैकी एक होय.

कॅनडाच्या नोवा स्कोशिया प्रांतातील हॅलिफॅक्स येथे डॉ. स्कॉट फॅरेल या स्त्रीरोगतज्ज्ञाने ‘युरेस्टा’ नावाचे एक लहानसे साधन घडविले आणि ते बाजारात आणण्यासाठी ‘ईस्टमेड’ नावाची कंपनी उभी केली. साधन म्हणावे तर अगदी साधे आहे. घंटेच्या आकाराची ही वस्तू स्त्रीने स्वतःच्या हाताने योनिमार्गात बसवावयाची, तिने मूत्रमार्गाला खालून टेकू द्यावयाचा, आणि काम झाले की काढून, धुऊन ठेवावयाची. खोकताना, शिंकताना, हसताना किंवा ओझे उचलताना ज्या स्त्रीला लघवी सुटते, तिच्यासाठी ही योजना आहे. शस्त्रक्रिया नाही, भूल नाही, आणि प्रत्येक वेळी डॉक्टरच्या टेबलावर जाऊन निजणेही नाही. अशी साधने पूर्वी नव्हती असे मात्र नव्हे. योनिमार्गात आधाराची वस्तू बसविण्याची कल्पना इतकी जुनी आहे की, हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथांत त्यासाठी चक्क अर्धे डाळिंब वापरल्याचा उल्लेख सापडतो! आजही आपल्याकडे ‘रिंग बसविणे’ म्हणून जो उपाय ओळखला जातो, तो याच कुळातला. फॅरेल यांचे वैशिष्ट्य एवढेच की, ती वस्तू त्यांनी स्त्रीच्या स्वतःच्या स्वाधीन केली.

या दुखण्याचे स्वरूप थोडे समजून घेतले पाहिजे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे तिन्ही अवयव त्या झोळीवर विसावलेले असतात. बाळंतपणात ती ताणली जाते, कधी फाटते. वय वाढले, ऋतुप्राप्ती थांबली, जड ओझी वाहिली, जुनाट खोकला लागला किंवा बद्धकोष्ठ जडले, की ती आणखी सैल होते. मग पोटातला दाब वाढला की मूत्रमार्गाचे दार नीट मिटत नाही. याने मृत्यू येत नाही, ताप चढत नाही, दिसणारी जखम होत नाही. परंतु बाई लग्नसमारंभाला जाणे टाळते, एस. टी.च्या प्रवासाला निघण्यापूर्वी पाणी पिणे सोडते, देवळात बसत नाही, नवऱ्याजवळ निजत नाही, आणि हे सर्व ती कोणालाही सांगत नाही. पोटच्या मुलीलाही नाही. डॉक्टरने विचारले नाही तर डॉक्टरलाही नाही; आणि डॉक्टर बहुधा विचारत नाही.

जे दुखणे बोलले जात नाही त्याची मागणी बाजाराला ऐकू येत नाही. ऐकू आली तरी तिचे उत्तर बाजार आपल्या सोयीने देतो. गळती थांबविण्यापेक्षा ती टिपून घेण्याचा व्यापार अधिक टिकाऊ असतो, कारण पॅड विकत घेणारे गिऱ्हाईक दर महिन्याला परत येते. या पार्श्वभूमीवर एखादा डॉक्टर पदरचा वेळ आणि पैसा घालून मूळ दोषालाच हात घालणारे साधन बनवू पाहतो, तेव्हा त्याचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न स्वागतानंतरचा आहे. त्या साधनाच्या गुणाची ग्वाही कोणी द्यावयाची?

या प्रश्नाचा माग घेताना दोन डॉक्टरांच्या कथा जवळजवळ ठेवून पाहण्यासारख्या आहेत. पहिले लॉस एंजेलिसचे डॉ. आर्नल्ड केगेल. १९४८ मध्ये त्यांनी आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. बाळंतपणाने सैलावलेले हे स्नायू व्यायामाने पुन्हा कसता येतात, असे त्यांचे म्हणणे होते. शस्त्रक्रियेच्या त्या जमान्यात हे म्हणणे काहीसे पाखंडी ठरणारे होते. त्यासाठी त्यांनी ‘पेरिनिऑमीटर’ नावाचे उपकरण तयार केले. हवेची एक लहान पोकळ नळी योनिमार्गात ठेवावयाची आणि ती रक्तदाब मोजावयाच्या यंत्रासारख्या तबकडीला जोडावयाची. स्नायू आवळला की काटा हलतो. दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी वीस मिनिटे, असा त्यांचा शिरस्ता होता. त्या काट्यात खरी मेख होती. जो स्नायू दिसत नाही, ज्याचे नाव बाईला कोणी सांगितलेले नाही, तो आपण आवळतो आहोत की नाही हे तिला प्रथमच डोळ्यांनी कळू लागले.

पुढे गंमत अशी झाली की, जगाने केगेल यांचे नाव व्यायामाला दिले आणि काटा विसरून गेले. दवाखान्यातून निघताना ‘केगेल करा’ असे तोंडी सांगण्याची प्रथा पडली. त्या प्रथेचे काय मोल आहे हे १९९१ च्या एका अमेरिकी पाहणीत दिसून आले. थोडक्या तोंडी सूचनेनंतर जेमतेम निम्म्या स्त्रियांना तो स्नायू योग्य रीतीने आवळता आला. सुमारे एक चतुर्थांश स्त्रिया तर खाली कुंथत होत्या, म्हणजे दुखणे वाढावे असेच काहीतरी करीत होत्या! तेव्हा उपकरण हवे, असा निष्कर्ष कोणीही काढील. परंतु २०२० मध्ये ब्रिटनमध्ये सहाशे स्त्रियांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित व्यक्तीकडून नीट शिकविलेला व्यायाम करणाऱ्या स्त्रिया आणि त्याच व्यायामाला उपकरणाची जोड दिलेल्या स्त्रिया यांच्यात दोन वर्षांनंतर काहीच लक्षणीय फरक आढळला नाही. यानंतर दोनच वर्षांनी, २०२२ मध्ये, बोस्टनच्या ‘रिनोव्हिया’ या कंपनीच्या उपकरणाची चाचणी प्रसिद्ध झाली. या कंपनीच्या संस्थापकांत डॉ. रॅमन इग्लेसियास हे स्त्रीरोगतज्ज्ञ होते, आणि तिचे उपकरण शरीरातील हालचाल टिपून मोबाइल फोनवर दाखविते. केवळ लेखी व चित्रफितीच्या सूचनांवर घरी व्यायाम करणाऱ्या स्त्रियांपेक्षा हे उपकरण वापरणाऱ्यांना आठ आठवड्यांत अधिक गुण आला, असे तिने दाखविले. खर्च कंपनीचाच होता, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

ही दोन संशोधने परस्परविरोधी वाटतात, पण वस्तुतः नाहीत. गुरू असेल तेथे काट्याची फारशी गरज नाही. गुरू नसेल तेथे काटा बऱ्याच अंशी गुरूचे काम करतो, एवढाच त्यांचा मथितार्थ आहे. म्हणजे उपकरणाची किंमत उपकरणात नसून ते जेथे जाते तेथील उणिवेवर ठरते. कंपनीचा विक्रेता ही गोष्ट सांगणार नाही. ती सांगण्याचे काम दुसऱ्या कोणाचे तरी आहे.

दुसरी कथा अधिक गंभीर आहे. स्वीडनमधील उप्सालाचे डॉ. उल्फ उल्मस्टेन आणि ऑस्ट्रेलियातील पर्थचे डॉ. पीटर पेट्रोस यांनी १९९० च्या सुमारास मूत्रमार्गाच्या आधाराविषयी एक नवा सिद्धांत मांडला. त्यातून उल्मस्टेन यांनी एक शस्त्रक्रिया सिद्ध केली. पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे धान्याच्या गोणी विणतात त्या जातीच्या प्लॅस्टिकची, सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची जाळीदार फीत मूत्रमार्गाच्या मध्याखालून झोक्यासारखी सोडावयाची. जागेवरची भूल पुरे, वेळ अर्धा तास, आणि बाई लवकर घरी. १९९६ मध्ये त्यांनी ७५ स्त्रियांवरील अनुभव प्रसिद्ध केला. दोन वर्षांनंतर ८४ टक्के स्त्रिया बऱ्या होत्या. पूर्वीच्या पोट उघडून करावयाच्या शस्त्रक्रियांच्या तुलनेत हे वरदान होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. १७ वर्षांनंतर तपासलेल्या मूळच्या रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया वस्तुनिष्ठ चाचणीत कोरड्या आढळल्या, असे २०१३ च्या एका पाहणीत नमूद आहे. फीत निरुपयोगी होती, असे म्हणणारा सत्याशी प्रतारणा करतो.

मग बिघडले कोठे? बिघडले ते फीत शल्यगृहातून बाजारात जाताना. या फितीचे हक्क ‘मेडस्कँड’ या कंपनीकडे होते आणि उल्मस्टेन त्या कंपनीशी निगडित होते. जॉन्सन अँड जॉन्सनच्या उपकंपनीशी झालेल्या करारात एक विलक्षण अट होती. पुढील अनेक रुग्णालयांतील चाचणीचे निष्कर्ष पूर्वी प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांहून लक्षणीय रीत्या वेगळे नसले, तर दहा लक्ष डॉलर मिळावयाचे होते. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने ही गोष्ट २०१८ मध्ये प्रकाशात आणली. चाचणी करणाऱ्यांत स्वतः उल्मस्टेन होते. त्यांनी आकडे फिरविले, असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु परीक्षार्थी, परीक्षक आणि पारितोषिकाचा मानकरी एकच असावा, ही व्यवस्था कोणत्याही विद्यापीठाने एक दिवस चालू दिली नसती. ती रुग्णालयात चालली.

अमेरिकेतील मंजुरीचा प्रकारही तितकाच उद्बोधक आहे. तेथील कायद्यात अशी वाट आहे की, पूर्वी मंजूर झालेल्या एखाद्या वस्तूशी आपली वस्तू पुरेशी सारखी आहे एवढे दाखविले, की मनुष्यांवरील नव्या चाचण्यांवाचून ती विकता येते. १९९८ मध्ये उल्मस्टेन यांची फीत मंजूर झाली ती ‘प्रोटेजेन’ नावाच्या दुसऱ्या एका पट्टीच्या साम्यावर. आणि ही ‘प्रोटेजेन’ दुसऱ्याच वर्षी तिच्या उत्पादकांना बाजारातून परत बोलवावी लागली! आधाराची वस्तू गेली, तिच्या आधारावरची राहिली. पुढे तिच्याही साम्यावर इतर आल्या. मूत्रमार्गाच्या अरुंद फितीवरून मग खाली घसरलेल्या मूत्राशयासाठी व गर्भाशयासाठी मोठमोठ्या जाळ्या बसविण्याकडे मजल गेली, आणि खरा अनर्थ तेथे झाला. जाळी योनिमार्गाच्या भिंतीतून बाहेर येऊ लागली, वेदना जडल्या, संसारसुख संपले. काढावी म्हटले तर काढता येईना, कारण शरीराचे मांस तिच्या छिद्रांत वाढलेले असते. भिंतीत रुतलेल्या मुळासारखी तिची गत होते.

पुढचा इतिहास तारखांनी सांगता येतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये पहिला इशारा दिला, २०११ मध्ये अंग बाहेर येण्याच्या विकारातील जाळ्यांचे गंभीर दुष्परिणाम ‘दुर्मिळ नाहीत’ असे सांगितले, आणि योनिमार्गातून बसवावयाच्या त्या जाळ्यांची विक्री थांबविण्याचा आदेश एप्रिल २०१९ मध्ये काढला. म्हणजे पहिल्या इशाऱ्यानंतर अकरा वर्षांनी. लघवी सुटण्यावरच्या अरुंद फितीला हा आदेश लागू नव्हता. स्कॉटलंडने २०१४ मध्ये, इंग्लंडने २०१८ मध्ये अशा शस्त्रक्रिया स्थगित केल्या. ऑस्ट्रेलियात न्यायमूर्ती ॲना कॅट्झमन यांनी २०१९ मध्ये कंपनीला निष्काळजीपणाबद्दल दोषी धरले, आणि २०२२ मध्ये तीस कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड जाहीर झाली. ब्रिटनमध्ये बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीचा अहवाल २०२० मध्ये आला. त्यात सर्वांत बोचणारा भाग पैशांचा नाही. वर्षानुवर्षे स्त्रिया डॉक्टरांना सांगत होत्या की, काहीतरी चुकले आहे. आणि बायकांची नेहमीची कुरकुर म्हणून त्यांची बोळवण होत होती, हा तो भाग.

या शाखेला ही खोड जन्मजात लागली आहे की काय, असे वाटावे असा तिचा आरंभ आहे. अडलेल्या बाळंतपणात मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडून लघवी अखंड गळत राहते. त्यावरची शस्त्रक्रिया अमेरिकेत अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी येथे डॉ. मॅरियन सिम्स यांनी १८४५ ते १८४९ या काळात बसविली. ती त्यांनी अ‍ॅनार्का, ल्यूसी, बेट्सी आणि इतर गुलाम स्त्रियांवर, बधिरीकरणाशिवाय, पुनःपुन्हा चाकू चालवून बसविली. अ‍ॅनार्कावर तीसएक वेळा. शेवटी चांदीच्या तारेच्या टाक्यांनी यश आले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील सिम्स यांचा पुतळा २०१८ मध्ये हलविण्यात आला, परंतु त्यांच्या नावाचे उपकरण आजही आपल्या प्रसूतिगृहांत रोज वापरले जाते. त्या तिघींच्या नावाचे काही नाही.

आता आपल्या घराकडे वळू. गडचिरोलीच्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आणि त्यापूर्वी कधीही आतून तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. ही पाहणी मूत्राशयापुरती नव्हती. परंतु स्त्री सांगत नाही आणि कोणी विचारीत नाही, हे महाराष्ट्रातील वास्तव इतक्या रोखठोक आकड्यांत त्यापूर्वी कोणी मांडले नव्हते. त्यानंतर तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची सरकारी पाहणी झाली. पाहणीतल्या ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईचे ओटीपोट दुखते, अंगावरून जाते, अंग बाहेर येते, आणि तिला उपाय सांगितला जातो तो एकच. त्यातही ज्याचे बिल होते तो. रिंगेचे बिल किती होणार? व्यायामाचे तर होतच नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. गर्भाशय खाली घसरू नये म्हणून पट्टीने वर बांधून ठेवण्याच्या शस्त्रक्रियेत ज्यांचे नाव जगभर घेतले गेले, ते गोमंतकात जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईत काम करीत होते. गर्भपात टाळणारा ‘शिरोडकर टाका’ही त्यांचाच. पण शस्त्रक्रिया खोक्यात भरून विकता येत नाही. शिकणाऱ्याच्या हातात ती उतरते आणि त्याची होते. वस्तूचे तसे नाही. वस्तूला भाव असतो, विक्रेता असतो, डॉक्टरांची परिषद भरविणारा प्रायोजक असतो. म्हणूनच वस्तू बनविणाऱ्या डॉक्टरला जे नियम लागू हवेत, ते हाताने शस्त्रक्रिया रचणाऱ्या डॉक्टरला लागू नव्हते.

ते नियम फार नाहीत. साधन ज्याने घडविले, किंवा ज्याच्या उत्पन्नाचा त्यात वाटा आहे, त्याने त्याची निर्णायक चाचणी करू नये. फॅरेल यांच्या साधनाबाबत २००७ चा पहिला अभ्यास त्यांचाच होता, आणि आरंभी तसे होणे अपरिहार्यही असते. परंतु पुढे २०१७ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी, निम्म्या स्त्रियांना निरुपद्रवी पर्यायी कडी देऊन, त्याची तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध केली. चाचणी लहान व अल्पकालीन होती, पण क्रम योग्य होता. शिवाय जी वस्तू बाई स्वतः काढून टाकू शकते आणि जी वस्तू शरीरात कायमची रुतून बसते, त्यांना एकाच मापाने मोजणे हा शुद्ध अविचार होय. पहिलीबाबत कायद्याने उदार असावे. नव्या डॉक्टर-उद्योजकांना तेथे मोकळे रान द्यावे. दुसरीबाबत मात्र, ती कोणी बसविली, कोणात बसविली, आणि बिघडल्यास कोण काढणार, याची नोंद विक्रीच्या पहिल्या दिवसापासून असली पाहिजे. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ मध्ये झाले, १ एप्रिल २०२० पासून यच्चयावत उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली, आणि उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम तर २०१५ पासून आहे. चौकट आहे, पण तीत माहिती भरावयाची ती रुग्णालयांनी आणि डॉक्टरांनी. जेथे बाई मुळातच बोलत नाही, तेथे तिचे दुखणे उपकरणाने वाढले हे कळविणार कोण? परदेशात ही खबर शेवटी स्त्रियांच्या संघटनांनी फोडली, डॉक्टरांनी नव्हे.

आणखी एक प्रश्न उरतो, तो ज्या उपायाला कंपनीच नाही त्याचा. व्यायामाचे पेटंट कोणाकडे नाही. सिलिकॉनची साधी रिंग बनविण्यात कोणाला मोठा नफा नाही. म्हणून त्यांची जाहिरात नाही, प्रायोजित परिषद नाही, विक्रेता नाही. अशा उपायांची कंपनी सरकारनेच व्हावयास हवे. गावोगाव भौतिकोपचार तज्ज्ञ नेमणे आज शक्य नाही, हे मान्य. परंतु उपकेंद्रातील परिचारिकेला हा स्नायू बोटाने ओळखावयास आणि बाईला तो आवळावयास शिकविणे, ही काही दिवसांच्या प्रशिक्षणाची बाब आहे. गुरू नाही म्हणून काटा हवा, असे ज्या दुर्गम भागांत दिसेल तेथे ‘रिनोव्हिया’सारखे उपकरण तालुक्याला एक घेऊन, बाईला आपला स्नायू दाखवून परत घेता येईल असा स्वस्त प्रकार आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी स्त्रीरोगतज्ज्ञांना सोबत घेऊन घडवावा. त्यातून एखाद्या डॉक्टरची कंपनी निघाली तर निघू द्यावी. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी जी बाई बाळाच्या लसीसाठी आरोग्य केंद्रात येतेच, तिला त्याच वेळी ‘खोकताना लघवी सुटते का?’ एवढा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर वहीत लिहावे. लहान-मोठ्या मापांच्या रिंगा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात असाव्यात. या सर्वांची मागणीपत्रे निघण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याची सही पुरते.